सतरंजीवरील बुरशी : तिचे कारण व तिच्यावरील उपाय

नवरात्राच्या सुमारास आमच्या किनाऱ्यावरील कोणत्याही गावातून हिंडावे, तर घरोघर एकच देखावा दृष्टीस पडतो. खळ्यात, कुंपणावर, विहिरीच्या कठड्यावर, गच्चीच्या कट्ट्यावर सतरंज्या, घोंगड्या, गाद्या व गोधड्या उन्हात टाकलेल्या असतात आणि घरातील मंडळी नाकाला पदर किंवा रुमाल लावून त्या झटकीत असतात. चार महिन्यांच्या पावसाने घरात काय काय करून ठेवले, त्याचा हिशेब आश्विनाच्या उन्हात होतो. एखादी सतरंजी उलगडताच कुबट वास सुटतो आणि तिच्यावर काळे-हिरवे ठिपके उमटलेले दिसतात. मग उपायांची चर्चा सुरू होते. कोणी लिंबू सांगतो, कोणी धुण्याचा सोडा, कोणी कडुलिंबाची धुरी. त्यांपैकी काही केले जाते, सतरंजी पुन्हा माळ्यावर जाते. आणि पुढील वर्षी तीच सतरंजी व तोच वास! असे का व्हावे, याचा विचार मात्र फारसा कोणी करीत नाही. आम्हीही पुष्कळ दिवस केला नव्हता. तो करावयास आम्हांस एका विद्यार्थ्याने लावले. ती हकीकत व तीतून जे शिकावयास मिळाले ते येथे सांगण्याचे योजिले आहे.

आमच्या घरी निळ्या व तांबड्या पट्ट्यांची एक मोठी सुती सतरंजी आहे. ती आमच्या मातोश्रींनी शिवणकामाच्या पैशांतून घेतलेली. घरच्या प्रार्थनेस माणसे तिच्यावर बसली, बहिणींच्या लग्नात पाहुणे तिच्यावर जेवले आणि वडिलांच्या अखेरच्या आजारात शेजारी रात्र रात्र तिच्यावर बसून होते. बाजारात तिला आज कोणी शंभर रुपयेही देणार नाही. पण ती टाकून देण्याची गोष्ट आमच्या घरात कोणी काढीत नाही.

३ जून २०२० रोजी दुपारी निसर्ग चक्रीवादळाने अलिबागच्या दक्षिणेस किनारा ओलांडला, हे येथील वाचकांस निराळे सांगावयास नको. त्या वेळी वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. मुरूड, श्रीवर्धन, दिवेआगर या बाजूस नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या व असंख्य घरांची छपरे गेली. आमच्या घराचीही कौले उडाली. समुद्राचे तुषार घेऊन येणारा तो पाऊस सरळ घरात कोसळला आणि सतरंजी चिंब भिजली. पाठोपाठ मोसमी पाऊस लागला. वीज नाही, ऊन नाही, छपरावर ताडपत्री. अशा स्थितीत सतरंजी वाशांवर टाकून कशीबशी वाळविली. पावसाळा संपल्यावर तिला ऊन दाखविले व गुंडाळून ठेवून दिली.

पुढील वर्षी छप्पर नवे होते. माळ्यावर एक थेंबही गळला नाही. तरीही आश्विनात सतरंजी उलगडली ती बुरशीने भरलेली! आम्ही तिला सोडा लावला, लिंबू चोळले, घरच्या विहिरीच्या पाण्याने धुतली, दोन दिवस उन्हात घातली व पुन्हा गुंडाळली. २०२२ च्या आषाढात मुले पाहुण्यांसाठी म्हणून ती खाली अंथरू लागली, तेव्हा ती हातास चक्क ओली लागली. त्या पंधरवड्यात आमच्या धाकट्या मुलीस रात्रीचा खोकला व धाप सुरू झाली. डॉक्टरांनी छाती तपासली आणि औषध लिहून देण्यापूर्वी एक प्रश्न विचारला, "खोलीत काय अंथरता?" तोपर्यंत ही गोष्ट आम्हांस केवळ घरकामाची वाटत होती, त्या दिवसापासून ती तशी राहिली नाही.

बुरशी म्हणजे काय?

बुरशी हा मळ नव्हे, ती सजीव आहे. ही गोष्ट प्रथम नीट ध्यानात घेतली पाहिजे. मळ जेथे पडतो तेथेच राहतो. बुरशी वाढते, पसरते व आपली प्रजा निर्माण करते. तिचे बीजाणू हवेत सदैव तरंगत असतात. ते इतके सूक्ष्म असतात की त्यांतील पुष्कळांचा व्यास मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शाहूनही कमी भरतो. हे बीजाणू कोणत्याही घरात येणारच; त्यांना दार लावून बाहेर ठेवता येत नाही. परंतु बीजाणू पडला म्हणजे बुरशी आली असे नाही. त्याला उगवण्यास अन्न, ऊब व पाणी ही तिन्ही लागतात.

यांपैकी ऊब आमच्या किनाऱ्यावर बाराही महिने असते. अन्न तर सतरंजीच आहे. कापसाचा तंतू सेल्युलोज या पदार्थाचा बनलेला असतो आणि सेल्युलोज म्हणजे ग्लुकोजच्या असंख्य कणांची गुंफलेली लांब साखळी होय. आपणांस ती पचत नाही. बुरशी मात्र आपल्या अंगातून पाचक रस बाहेर सोडते, ही साखळी जागच्या जागी तोडते व तयार झालेली साखर शोषून घेते. सतरंजीवर सांडलेला चहा, पायांचा तेलकटपणा किंवा सुतास लावलेली खळ ही तिला अधिक सोपी पडतात, म्हणून मळकट भागावर ती आधी दिसते.

हा पाचक रस किती प्रखर असतो याचे एक प्रसिद्ध उदाहरण आहे. दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिक महासागरातील बेटांवर अमेरिकन सैन्याचे सुती तंबू व कपडे भराभर कुजू लागले. सॉलोमन बेटांच्या रांगेतील बोगेनव्हिल येथील कुजलेल्या सुती कापडावरून १९४४ साली एक बुरशी वेगळी करण्यात आली. पुढे तिच्यावर दीर्घकाळ संशोधन करणारे शास्त्रज्ञ एल्विन रीस यांच्या नावावरून तिला ट्रायकोडर्मा रीसाय हे नाव मिळाले. आज तिच्यापासून काढलेली विकरे कारखान्यांत जीनचे कापड मऊ करण्यासाठी वापरली जातात. सैन्याचे तंबू ज्या रसाने खाल्ले, तोच आता मनुष्याच्या चाकरीत आहे. आमच्या माळ्यावरील बुरशी काही इतकी पराक्रमी नसेल. पण तिचा उद्योग त्याच जातीचा असतो. म्हणूनच बुरशी लागलेली सतरंजी केवळ डागाळत नाही, तर आतून कमजोर होते.

आता राहिले पाणी. ऊब आपल्या हाती नाही, अन्न काढून घेता येत नाही. तेव्हा बुरशीची गळचेपी करावयाची ती पाण्याच्याच बाजूने केली पाहिजे. सर्व उपायांचे सार एवढेच आहे.

पाणी आले कोठून?

परंतु आमच्या सतरंजीवर तर एक थेंबही गळला नव्हता. मग पाणी आले कोठून? त्याचे अर्धे उत्तर हवेत आहे. रायगड जिल्ह्यात वर्षाकाठी सरासरी ३००० मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो व त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच पडतो. या दिवसांत किनाऱ्यावरील हवेची सापेक्ष आर्द्रता बहुधा ८० टक्क्यांच्या वर असते; म्हणजे हवेत जितके बाष्प मावू शकेल त्याच्या चार-पंचमांशांहून अधिक ते आधीच भरलेले असते. अशा हवेत सूत आपण होऊन ओल धरते. पण हे उत्तर अपुरे होते. त्याच माळ्यावर त्याच हवेत शेजारी ठेवलेली दुसरी जुनी चादर बुरशीवाचून राहिली होती. दोघींत फरक कोणता?

२०२२ च्या सप्टेंबरात आम्ही आठवीच्या वर्गात क्षारांविषयी सांगत होतो. पावसाळ्यात बरणीतील मिठास पाणी का सुटते, असा प्रश्न विचारला. मागच्या बाकावरील एक मुलगा उभा राहिला. त्याचे वडील मिठागरावर कामास होते. तो म्हणाला, "सर, मीठच कशाला? मिठाचं रिकामं पोतंसुद्धा आषाढात आपोआप भिजतं. आम्ही ते घरात ठेवतच नाही." वर्ग हसला, आम्ही मात्र खडू हातात धरून क्षणभर स्तब्ध उभे राहिलो. आमची सतरंजी म्हणजे मिठाचे रिकामे पोतेच नव्हे काय?

त्या मुलाच्या म्हणण्यातील शास्त्र असे आहे. हवेची सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की साधे मीठ हवेतील बाष्प ओढून घेते व त्यातच विरघळू लागते. कच्च्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइड नावाचा दुसरा एक क्षारही असतो. तो तर याहून पुष्कळ कोरड्या हवेतूनही पाणी ओढतो. वादळाच्या दिवशी समुद्राचे खारे पाणी सतरंजीत मुरले होते. उन्हाने त्यातील पाणी गेले. मीठ गेले नाही, ते सुताच्या पिळांत तसेच राहिले. वर आम्ही तिला धुतले ते विहिरीच्या मचूळ पाण्याने. म्हणजे मिठात आणखी भर घातली! हिवाळ्यात व उन्हाळ्यात ती सतरंजी कोरडी भासे; परंतु आषाढ लागला की आतील मीठ हवेतून पाणी ओढून घेई आणि बुरशीस आयते पाणी मिळे.

याची परीक्षा आम्ही घरी केली. सतरंजीचे एक टोक वाटीभर गोड्या पाण्यात भिजविले, घट्ट पिळले व ते पाणी एका जुन्या पातेलीत मंद आचेवर आटविले. पातेलीच्या बुडाशी पांढरट पापुद्रा उरला. विहिरीचे पाणी आटविले तेव्हाही उरला, पण कमी. आणि पागोळीखाली धरलेले पावसाचे पाणी आटविले तेव्हा जवळजवळ काहीच उरले नाही. हा प्रयोग कोणाही विद्यार्थ्यास वडील माणसांच्या देखरेखीखाली करता येईल. आपल्या घरचे पाणी धुण्यास योग्य आहे की नाही, ते त्यावरून तत्काळ समजेल.

येथे आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. "आमच्या वेळी सतरंज्यांस असा बुरा चढत नसे," असे वृद्ध स्त्रिया पुष्कळदा म्हणतात. ही केवळ जुन्या काळाची स्तुती नव्हे. पूर्वी माळ्याखाली चूल दिवसभर पेटलेली असे. तिची उष्ण हवा माळ्यावरून जाऊन कौलांच्या फटींतून बाहेर पडे. आता चुलीच्या जागी गॅस व कौलांच्या जागी स्लॅब आला. गॅस जळताना पाणी तयार होते, याची पुष्कळांस कल्पना नसते. स्वयंपाकाचा एक किलो गॅस जळला म्हणजे दीड किलोहून अधिक पाणी वाफेच्या रूपाने स्वयंपाकघरात मिसळते. त्यास बाहेर जाण्यास वाट नसली तर ते थंड भिंतींवर व कोपऱ्यांतील कापडांवर बसते. चुलीच्या धुराने आमच्या आज्यांचे डोळे व फुफ्फुसे गेली; ते दिवस परत यावेत असे कोणीही म्हणणार नाही. परंतु चुलीबरोबर माळ्याचा कोरडेपणाही गेला, याची जाणीव ठेवून सामानाची जागा बदलली पाहिजे.

डाग की बुरशी?

प्रत्येक काळा ठिपका बुरशीचाच असतो असे नाही. हे कसे ओळखावे? जुन्या करारातील लेवीय या पुस्तकाच्या तेराव्या अध्यायात कापडावरील अशा चट्ट्यांविषयी फार प्राचीन नियम दिलेले आहेत. लोकरीच्या किंवा तागाच्या वस्त्रावर, त्याच्या उभ्या वा आडव्या धाग्यांत, हिरवट किंवा तांबूस चट्टा दिसल्यास ते वस्त्र सात दिवस वेगळे बंद करून ठेवावे व मग चट्टा पसरला आहे काय ते पाहावे, असे तेथे सांगितले आहे. पसरला असल्यास वस्त्र जाळावे. पसरला नसल्यास धुऊन पुन्हा सात दिवस ठेवावे. आणि धुतल्याने चट्टा फिका झाला तर तेवढाच भाग फाडून काढावा. त्या नियमांचा धार्मिक अर्थ हा आमच्या लेखाचा विषय नव्हे. परंतु त्यांतील निरीक्षणाची रीत आजही उपयोगी आहे. ठिपक्याभोवती खडूने रेघ ओढावी व आठ दिवसांनी पाहावे. रेघेबाहेर गेला तर तो जिवंत आहे. शिवाय बुरशीस कुबट वास असतो व कोरड्या ब्रशाने घासल्यास तिची भुकटी उडते. चहाच्या किंवा गंजाच्या डागाचे तसे होत नाही.

दुसरी परीक्षा धाग्याची. डागाच्या जागचा एक धागा दोन बोटांत धरून हलकेच ओढावा. तो तटकन तुटला तर बुरशीने तो खाऊन टाकला आहे असे समजावे. तशी जागा मोठी असेल तर सतरंजीचा मोह सोडावा. लहान असेल तर तेवढी कापून कड शिवून घ्यावी.

धुण्याची रीत

कोरडे ऊन असलेला व पुढेही दोन-तीन दिवस उघडीप राहील असा दिवस निवडावा. घाईने एका दिवसात उरकलेले काम पुन्हा करावे लागते, हे आम्ही अनुभवाने शिकलो.

सतरंजी घरात झटकू नये. बुरशीचे बीजाणू साऱ्या खोलीभर उडतात व श्वासावाटे छातीत जातात. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली घरातील ओल व बुरशी यांविषयी मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. ओलसर व बुरसटलेल्या घरांत राहणाऱ्यांस खोकला, धाप व दमा यांचा धोका अधिक असतो, असे तीत सांगितले आहे. ज्यांस दम्याचा विकार आहे त्यांना व लहान मुलांना या कामापासून दूर ठेवावे. काम करणाऱ्याने नाकातोंडावर मास्क लावावा. सतरंजी अलगद गुंडाळून बाहेर न्यावी, दोन्ही बाजूंनी ऊन द्यावे आणि पूर्ण कोरडी झाल्यावर काथ्याच्या ताठ ब्रशाने घासून भुकटी काढावी. ओल्यावर घासल्यास बुरशी धाग्यांत अधिक खोल जाते. घासणाराने वाऱ्याकडे पाठ करून उभे राहावे.

यानंतर रंगाची परीक्षा करावी. पांढरे फडके साबणाच्या पाण्यात भिजवून सतरंजीच्या कोपऱ्यावर दाबावे. फडक्यास रंग लागला तर गरम पाणी व सोडा वापरू नये. थंड पाणी व सौम्य साबण यांवरच काम भागवावे. रंग पक्का असेल तर सुती सतरंजी कोमट पाण्यात साबण व थोडा धुण्याचा सोडा घालून अर्धा तास भिजवावी, ब्रशाने दोन्ही बाजू घासाव्यात व पाणी ओतून द्यावे. वास राहिला असेल तर एक भाग व्हिनेगर व चार भाग पाणी असे मिश्रण डागांवर लावून अर्ध्या तासाने धुऊन टाकावे. लिंबू व मीठ चोळण्याची रीत पुष्कळ घरी आहे. लिंबाने डाग थोडा फिका होतो हे खरे. पण मीठ मागे राहिल्यास काय होते ते वर सांगितलेच आहे. मीठ न लावणेच बरे.

ब्लीचिंग पावडरीचे पाणी केवळ पांढऱ्या सुती कापडावर, पातळ करून व हातमोजे घालूनच वापरावे. रंगीत सतरंजीवर ते बुरशीच्या आधी रंग घालविते. ते व्हिनेगर, लिंबू किंवा संडास धुण्याचे आम्ल यांबरोबर कधीही मिसळू नये. त्यातून क्लोरीन हा विषारी वायू सुटतो.

सर्वांत महत्त्वाची पायरी शेवटच्या धुण्याची आहे. सतरंजी गोड्या पाण्यात निदान तीनदा खळबळून काढावी. पाणी दर वेळी नवे असावे. विहीर मचूळ असेल तर पहिले घासणे तिच्या पाण्याने करण्यास हरकत नाही, परंतु शेवटची तिन्ही पाणी नळाची किंवा पावसाची असावीत. सतरंजी समुद्राच्या पाण्याने भिजली असेल तर घासण्यापूर्वीही एकदा गोडे पाणी द्यावे. आमच्या सतरंजीस २०२२ च्या ऑक्टोबरात आम्ही पाच पाणी दिली. पाचव्या पाण्याची पळीभर आटवून पाहिली, तेव्हा पातेली स्वच्छ राहिली.

वाळविताना सतरंजी जमिनीवर पसरू नये. दोन दांड्यांवर किंवा वलणीवर अशी टाकावी की दोन्ही अंगांनी वारा लागेल. तिन्हीसांजेच्या आत घरात घ्यावी, कारण रात्रीचे दव दिवसाची मेहनत फुकट घालविते. असे दोन-तीन दिवस करावे. सतरंजी खरोखर वाळली की नाही हे हातास समजत नाही. यासाठी भर उन्हात तिच्यावर प्लास्टिकचा एक स्वच्छ तुकडा ठेवून त्याच्या कडा दगडांनी दाबाव्यात. तासाभराने तुकड्याच्या आतील बाजूस धुके दिसले तर आत पाणी शिल्लक आहे.

काही डाग एवढे करूनही जात नाहीत. बुरशी मेली तरी तिचा काळा रंग सुतात राहतो. त्याचे वाईट वाटून घेऊ नये. मेलेल्या बुरशीची भुकटी धुऊन काढली असेल, वास गेला असेल व ओल राहिली नसेल, तर उरलेला डाग ही केवळ आठवण होय.

लोकरीची वस्तू

घोंगडी किंवा लोकरी गालिचा यांची जात वेगळी. लोकर हे प्राण्याचे केस. ती सेल्युलोजची नसून केराटिन या प्रथिनाची असते. बुरशी तिला सुतापेक्षा सावकाश लागते, पण धुण्याचा सोडा व ब्लीचिंग पावडर तिचा नाश करतात. हेही आम्ही स्वतःच्या नुकसानीने शिकलो. एका लहान लोकरी आसनावरील ठिपका घालविण्यास आम्ही ब्लीचिंगचे पाणी लावले. ठिपका गेला आणि त्याबरोबर आसनाचा तेवढा भागही विरून गेला! लोकरीस थंड पाणी व रिठ्याचा फेस किंवा सौम्य साबण पुरे. ती चोळू वा पिळू नये. दाबून पाणी काढावे व सावलीत, वाऱ्यावर, आडवी पसरून वाळवावी. ज्या गालिच्याच्या पाठीस ताग किंवा डिंकाने चिकटविलेले अस्तर असते तो बुडवून धुऊ नये. ओलसर फडक्याने पुसून व ब्रशाने घासूनच स्वच्छ करावा. मौल्यवान गालिचा जाणत्या धुणाऱ्याकडे द्यावा हे उत्तम.

पावसाळ्यापूर्वीची व्यवस्था

सतरंजी वैशाखाच्या उन्हात तापवून, थंड झाल्यावर, सुती चादरीत गुंडाळून ठेवावी. प्लास्टिकच्या पिशवीत बांधू नये. आत थोडी जरी ओल राहिली तरी ती तेथेच कोंडते. घडी घालण्यापेक्षा गुंडाळी बरी. ती जमिनीपासून व बाहेरच्या भिंतीपासून हातभर दूर, फळीवर ठेवावी. डांबराच्या गोळ्या कसर लागू देत नाहीत, पण बुरशीस त्या रोखीत नाहीत. कडुलिंबाच्या धुरीने वास झाकतो, ओल जात नाही. श्रावणात एखाद्या दिवशी स्वच्छ ऊन पडले तर गुंडाळी उलगडून पुन्हा बांधावी. हे अर्ध्या तासाचे काम आश्विनातील दोन दिवस वाचविते.

आणि भर पावसात सतरंजी भिजलीच तर? तिला गुंडाळू नये, एवढे पक्के ध्यानात ठेवावे. ओल्या वस्तूवर बुरशी धरावयास एक-दोन दिवस पुरतात. पाणी दाबून काढावे, खोलीत दोरीवर ताणून टाकावी व पंखा लावून ठेवावा. वीज नसेल तर वारा वाहतो त्या पडवीत टांगावी व दिवसातून दोनदा बाजू पालटावी. पाऊस बाहेर धो धो पडत असता खिडक्या सताड उघडून घर कोरडे होत नाही. मात्र स्वयंपाकाच्या वेळी स्वयंपाकघराची खिडकी अवश्य उघडावी, म्हणजे वाफ बाहेर जाते.

आमच्या सतरंजीवर त्यानंतरच्या पावसाळ्यांत पुन्हा तसा बुरा चढला नाही. एका वर्षी भिंतीस टेकलेल्या कडेला वीतभर जागेत ठिपके आले. चूक गुंडाळी ठेवणाऱ्याची, म्हणजे आमचीच होती. मुलीचा खोकला साराच थांबला असे आम्ही म्हणणार नाही. दम्याची कारणे अनेक असतात व तिचे औषध डॉक्टरांच्या सल्ल्याने चालू आहे. पण आषाढातील पुष्कळ रात्री ती आता स्वस्थ झोपते, आणि नाताळात घरी माणसे जमली म्हणजे मातोश्रींच्या सतरंजीवर सर्वांच्या आधी जाऊन बसते.

मिठाच्या पोत्याची गोष्ट सांगणारा तो मुलगा आता शाळा सोडून गेला आहे. त्याला वाटले असेल की आपण वर्गाला हसविले. वास्तविक त्याने आपल्या शिक्षकास एक धडा दिला. दोन वर्षे आम्ही डाग घासत होतो. तो कोणत्या कारणाने पडतो हे आम्ही विचारले नव्हते. विद्यार्थ्यांनो, तुमच्या घरी जे रोज दिसते ते वर्गात बोलून दाखविण्यास संकोच करू नका. आणि पालकहो, यंदा सतरंज्या उन्हात काढाल तेव्हा धुण्याआधी पाण्याची पळीभर आटवून पाहा.